गाभडलेली गाय आणि आपले हात



गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, तेव्हा गोठा साफ कोण करतं? आपणच. उघड्या हातांनी वार उचलतो, गोठा धुतो आणि लगेच दुसऱ्या गायीची धार काढायला बसतो.

गाय गाभडण्याची कारणं बरीच असतात. त्यातलं एक म्हणजे ब्रुसेला हा जंतू. गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या सगळ्यांना तो होतो. गाभडलेलं वासरू, वार आणि अंगावरून जाणारा स्राव यांत तो भरपूर असतो. हाताला बारीक चीर असली तरी तेवढ्यातून तो आपल्या अंगात शिरतो. निरशा दुधातूनही येतो. म्हणून धारोष्ण दूध कितीही ताकदीचं म्हटलं, तरी पोरांना उकळूनच द्या.

माणसाला हा आजार झाला की ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, सांधे आणि कंबर दुखते. कामाचा शीण समजून आपण अंगावर काढतो. टायफॉईड, मलेरिया समजूनही औषधं दिली जातात, आणि दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं. गरोदर बाईचा गर्भ पडण्याचीही भीती असते.

पण यावर इलाज आहे. रक्त तपासून आजार कळतो. औषधं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, “आमची गाय गाभडली होती, साफसफाई मी केली.” एवढ्या एका वाक्याने तपासणीला दिशा मिळते.

गाय गाभडली तर हातमोजे घाला. नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा. नाका-तोंडाला कापड लावा. वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. नंतर हात साबणाने धुवा. गरोदर बाईला आणि मुलांना लांब ठेवा. गाय वेगळी बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

कालवडींना आणि म्हशीच्या पारड्यांना 4 ते 8 महिन्यांच्या वयात याची लस देतात. आयुष्यात एकदाच. सरकारी मोहिमेत ती मोफत असते. गटाच्या बैठकीत कोणाकडे किती कालवडी, पारड्या आहेत ते वहीत लिहा आणि सगळ्यांची लस एकदम मागा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. गाभडलेली गाय तपासणी न करता गुपचूप बाजारात विकू नका. आपल्यासारखीच एखादी बाई गटाचं कर्ज काढून ती घेईल, आणि आजारही तिच्या दावणीला जाईल. जनावर घेतानाही आधी रक्त तपासून घ्या, मगच पैसे मोजा.