कुष्ठरोगाचे गणित आणि मेंदूतली गाठ

औषधाला दाद न देणाऱ्या रोगाची गोष्ट चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या डॉक्टरांच्या या परिषदेला नवी नाही. वरोऱ्याला आनंदवन उभे करणारी महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन झाली, तेव्हा कुष्ठरोगावर भरवशाचे औषध म्हणजे डॅप्सोन. ते वर्षानुवर्षे एकटेच दिले गेले. १९६४ मध्ये त्याला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन एकत्र देण्याचा मार्ग सुचवला. त्यामागचे गणित सोपे आहे. असंख्य जंतूंमधला एखादा एका औषधातून निसटेल, पण तोच तिन्हींतून निसटण्याची शक्यता नगण्य. हे गणित इतके खरे ठरले की प्रतिरोध म्हटले की आपल्या डोक्यात तेच येते. मेंदूतल्या ग्लिओब्लास्टोमा या कर्कगाठीपुढे मात्र ते तोकडे पडते, आणि ते नेमके कुठे तोकडे पडते हे पाहण्यासारखे आहे.

गाठीतल्या पेशी एकसारख्या नसतात, इथपर्यंत गणित बरोबरच आहे. २०१४ मध्ये पाच रुग्णांच्या गाठींतल्या ४३० पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा एकाच गाठीत निरनिराळ्या प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी नांदताना आढळल्या. पेच पुढे आहे. २०१९ च्या संशोधनात या पेशींच्या चार मुख्य अवस्था दिसल्या. त्यांतल्या एकाच अवस्थेच्या पेशी वेगळ्या काढून उंदरांत सोडल्या, तरी वाढलेल्या गाठीत इतर अवस्थाही परत आल्या. कुष्ठरोगाच्या जंतूला निसटायला जनुकात बदल घडावा लागतो. या पेशीला तेवढी वाट पाहावी लागत नाही, ती वेष पालटते. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या प्रयोगांत किरणांच्या माऱ्यातून वाचलेल्या मूठभर पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या थोराड पेशी झाल्या, काही काळ विभाजन थांबवून बसल्या आणि नंतर पुन्हा वाढू लागल्या. उन्हाळ्याआधी तेंदूची झुडपे छाटतात ती कोवळा पाला जोमाने फुटावा म्हणून. मूळ जिवंत असेल तर छाटणी म्हणजे शेवट नव्हे, हे तेंदू तोडणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हा वेष पालटायला लावते कोण? पुष्कळदा भोवताल. गाठीच्या वस्तुमानाचा मोठा हिस्सा, कधी निम्म्याच्या आसपास, कर्कपेशींचा नसतोच. मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशींचा असतो. या मॅक्रोफेजकडून येणारा ऑन्कोस्टॅटिन-एम हा संदेश कर्कपेशीला अधिक चिवट अवस्थेत ढकलतो, हे २०२१ मध्ये दाखवले गेले. प्राणवायू तुटपुंजा असलेल्या कोपऱ्यात किरणांची धार बोथट होते. रक्त आणि मेंदू यांमधला पडदा बरीचशी औषधे उंबरठ्यावरच अडवतो. सगळ्यात चमत्कारिक शोध २०१९ चा: निरोगी चेतापेशी कर्कपेशींशी चक्क जोडण्या करतात आणि त्या जोडण्यांतून येणाऱ्या संकेतांवर गाठ पोसली जाते. विचार करणारा अवयवच पोशिंदा व्हावा, याहून क्रूर योजना सुचणे कठीण. मग भोवतालच काढून टाकला तर? शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढल्याचे प्रसिद्ध केले, तरीही रोग परतला. तो दोष केवळ शल्यविशारदाच्या हाताचा नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा की मग औषधे वाढवा, कुष्ठरोगात चालले ते इथेही चालेल. वाढवली की! २००५ मध्ये किरणोपचारांना टेमोझोलोमाइडची जोड मिळाली, तेव्हा मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेले. रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबने, २०१४ च्या दोन मोठ्या चाचण्यांत, रोगाची वाढ लांबवली, आयुष्य लांबवले नाही. त्वचेच्या मेलानोमात कमाल करणारे निव्होलुमॅब परतलेल्या ग्लिओब्लास्टोमात ९.८ महिन्यांवर थांबले. तुलनेतल्या गटाचे होते १०. औषधे खोटी नव्हती. प्रत्येकाने एकच वाट अडवली; वेष पालटणाऱ्या पेशीला आणि तिला सांभाळणाऱ्या शेजाराला बाकीच्या मोकळ्या राहिल्या. तरीही गणित निरुपयोगी म्हणणे अतिरेक होईल. एमजीएमटी जनुक रासायनिक खुणेने मिटलेले असेल तर टेमोझोलोमाइडचा लाभ स्पष्टपणे जास्त मिळतो, म्हणजे पेशीचा स्वभाव मोजण्याला अर्थ आहेच.

दुसरा आक्षेप या सभागृहातलाच, आणि मला तो अधिक वजनदार वाटतो: पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तिथल्या रुग्णाला सहा आठवड्यांत तीस वेळा किरणे कुठून मिळणार, आणि तुम्ही पेशींच्या अवस्था काय सांगता? अंतराची अडचण खरी आहे, किरणांची सोय जवळ यायलाच हवी. पण साधने तुटपुंजी असतात तिथेच रोगाचा स्वभाव नीट कळण्याची निकड जास्त, कारण व्यर्थ खर्च सोसण्याची ऐपत तिथे सर्वांत कमी. गाठ परतल्यावर ‘आणखी जोरदार औषध’ म्हणून शेत विकायला लावणारा सल्ला या अज्ञानातूनच निघतो. शस्त्रक्रियेत शक्य असेल तर गाठीच्या एकाहून अधिक भागांतला तुकडा तपासणीस जावा. परतलेल्या गाठीबद्दल बोलताना पहिल्या वेळचा अहवाल आजचा समजू नये. आणि डेक्सामेथासोनवर गावी परतलेल्या रुग्णाची साखर, फिट्स व डोकेदुखी पाहणारा डॉक्टर तालुक्यात असावा. यातल्या शेवटच्या कामाला पूर ओलांडावा लागत नाही.