गाण्याचें मोल : एक कीं अनेक?

बाजारांत हिंडतांना एखाद्या दुकानावर 'एकच भाव' अशी पाटी दिसली, कीं गिऱ्हाइकाला कसें हायसें वाटतें! घासाघीस नको, आणि आपण ठकलों कीं काय ही मागाहूनची रुखरुखही नको. २८ एप्रिल २००३ रोजीं अमेरिकेंत ॲपल कंपनीनें आयट्यून्स नांवाचें संगीताचें जें दुकान उघडलें, त्याच्या दारावर जणूं हीच पाटी होती. दुकान विटामातीचें नव्हे; संगणकावर गाणें निवडावें, पैसे द्यावे आणि घरबसल्या तें आपल्या यंत्रांत उतरवून घ्यावें. सुमारें दोन लाख गाणीं, आणि सुट्या गाण्याचें मोल ९९ सेंट. मग तें कालचें असो, पन्नास वर्षांपूर्वींचें असो, गाजलेलें असो वा विस्मृतींत गेलेलें असो. पहिल्या आठवड्यांतच दहा लाख गाणीं विकलीं गेलीं.

ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराची पूर्वपरंपरा मात्र अशी नव्हती. व्हिक्टर कंपनीनें १९०८ सालीं डोनिझेट्टीच्या 'लुचिया' या संगीतनाटकांतील सहा जणांचें गाणें मुद्रित केलें. त्यांत कारुसो होता. एकाच बाजूनें वाजणाऱ्या त्या तबकडीला सात डॉलर पडत! त्याच कंपनीची साधी दुतर्फा तबकडी ७५ सेंटांस मिळे. पैसे मोजावयाचे ते तबकडीचे नव्हेत, गळ्यांचे.

तेव्हां २००५ च्या सप्टेंबरांत वॉर्नर कंपनीचे प्रमुख एडगर ब्रॉन्फमन यांनीं, सगळीं गाणीं सारख्या योग्यतेचीं नसतां त्यांचा भाव सारखा कां, असा प्रश्न केला, त्यांत नवें असें कांहींच नव्हतें. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनीं पॅरिस येथें आधींच म्हटलें होतें, कीं भाव वाढवूं पाहणाऱ्या कंपन्या लोभी आहेत. किंमत चढली तर लोक पुन्हां फुकट्या चोरट्या मार्गाकडे वळतील. हें म्हणणें लोकांस गोड वाटलें. पण वक्त्याचा स्वार्थही पाहिला पाहिजे. प्रत्येक ९९ सेंटांतील सुमारें ७० सेंट ध्वनिमुद्रण-कंपन्यांकडे जात. ॲपलची खरी मिळकत गाणें वाजविणाऱ्या आयपॉड यंत्रावर होती. गाणीं स्वस्त राहिलीं तर यंत्र खपणार! दिव्यांच्या व्यापाऱ्यानें तेल स्वस्त असावें असें म्हणण्यापैकींच हा प्रकार.

मीं उभा जन्म शाळेंत घालविला. वर्गांतील सर्व मुलांस सारखेच गुण द्यावे, म्हणजे कोणी भांडावयास येत नाहीं. पण मग तिला परीक्षाही म्हणवत नाहीं. या न्यायानें भिन्न भावांचें तत्त्व मला मान्य आहे. माझी हरकत निराळीच आहे. गुण द्यावयाचे कोणीं, आणि कशाचे?

६ जानेवारी २००९ रोजीं तडजोड जाहीर झाली. गाण्यांना घातलेलीं कुलुपें कंपन्यांनीं काढावीं, म्हणजे विकत घेतलेलें गाणें कोणत्याही यंत्रावर वाजावें. आणि त्या बदल्यांत ६९, ९९ व १२९ सेंट असे तीन भाव असावे. ७ एप्रिलपासून हे भाव लागू झाले. जुनीं गाणीं स्वस्त होतील हें आश्वासन कानाला बरें वाटलें, परंतु लोक त्या वेळीं ज्या गाण्यांवर उड्या टाकीत होते, त्यांतील पुष्कळ १२९ सेंटांच्या पायरीवर चढलीं. अर्थात् गुण गाण्याचे नव्हेत, गर्दीचे! गाणाऱ्यानें आपल्या गाण्याचें मोल काय ठरविलें असतें, हें या साऱ्या वादांत कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. ज्या काळीं भाव एक होता, त्या काळींही तो सर्वांना लागू नव्हता. दहा मिनिटांहून लांब असलेली चीज पुष्कळदां सुटी मिळतच नसे. सबंध संच घ्यावा लागे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ सांगावयास नको. रागाची बढत तीन मिनिटांत होत नाहीं, पण दुकानाचें माप तीन मिनिटांच्या गाण्यावरून बेतलेलें होतें. जुन्या तबकडीनें आपल्या गवयांना त्या मापांत कोंबलें, त्याला निदान यंत्राची असमर्थता हें कारण होतें. येथें तेंही नव्हतें.

पुढें हा वादच मागें पडला. २०१५ सालीं अमेरिकेंत गाणीं न उतरवितां थेट ऐकविण्याच्या धंद्याचें उत्पन्न गाणीं उतरवून देण्याच्या धंद्यापेक्षां वाढलें. आतां बहुतेक ऐकणारे सुटें गाणें घेतच नाहींत. पुष्कळजण दरमहा ठराविक रक्कम देतात आणि हवें तें ऐकतात. किंमतीची चिठ्ठी गेली. मात्र वर्गणीच्या राशींतील वांटा मुख्यतः कोणतें गाणें किती वेळां लावलें गेलें यावरून पडतो; आणि त्या मोजणींत पाऊण तासाचा दरबारी एकदां लावला तर तो एक, व तीन मिनिटांचें गाणें एकदां लावलें तर तेंही एक.