घरचा बिनतारी पर्जन्यमापक

मृगाची पहिली मोठी सर येऊन गेली कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : पाऊस किती झाला? कोणी म्हणतो, पन्हळी भरून वाहिल्या. कोणी म्हणतो, अंगणांतली बादली अर्धी भरली. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत एक आंकडा येतो, तो या दोहोंशींही जुळत नाहीं, आणि मग मंडळी वेधशाळेस हंसतात. वस्तुतः दोष बहुधा वेधशाळेचा नसतो. तिनें दिलेला आंकडा तिच्या आवारांत पडलेल्या पावसाचा असतो. हंसणाऱ्याच्या अंगणांतल्या पावसाचा नव्हे.

याचें सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचें आहे. २७ जुलै २००५ रोजीं सकाळीं साडेआठ वाजतां संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास अवघा ७३.४ मिलिमीटर पडला. दोन्ही वेधशाळा एकाच शहरांत, एकमेकींपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहेत. मधल्या वस्तींत कोठें किती पाणी पडलें, हें केवळ या दोन आंकड्यांवरून कोण सांगणार? त्यासाठीं मधल्या गल्ल्यांतही मापें हवींत. घरगुती पर्जन्यमापकाचें खरें प्रयोजन येथें आहे.

पाऊस मापण्याची कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड पाऊस मापण्यासाठीं ठेवण्यास सांगितलें आहे, आणि निरनिराळ्या देशांचीं प्रमाणें देतांना अपरान्ताचा, म्हणजे कोंकणाचा, पाऊस अमित म्हटला आहे. इंग्लंडांत जॉर्ज सायमन्स या गृहस्थानें सन १८६० पासून पावसाची नोंद ठेवणारे हौशी लोक एकत्र केले. सन १९०० मध्यें तो वारला, तेव्हां अशा नोंदीचीं ठिकाणें ३,००० हून अधिक झालीं होतीं. त्याच्या नांवाचा साधा पर्जन्यमापक भारतांतही दीर्घ काळ वापरांत होता. सामान्य गृहस्थ केवळ नियमितपणाच्या बळावर शास्त्रास केवढें साह्य करूं शकतो, याचा हा दाखला होय.

आतां एक मिलिमीटर पाऊस म्हणजे काय? पडलेलें पाणी वाहून न जातां, जमिनींत न मुरतां, सपाट जागेवर जसेंच्या तसें सांठलें, तर त्याची जी उंची होईल ती पावसाचें माप. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. अंगणांतली बादली फसविते ती याच कारणानें : तिचें तोंड रुंद आणि बूड अरुंद असल्यामुळें आंतल्या पाण्याची उंची खऱ्या पावसाहून अधिक दिसते.

बिनतारी पर्जन्यमापकाची रचना समजण्यास कठीण नाहीं. वरतीं एक नरसाळें असतें. त्याच्या नळीखालीं दोन लहान वाट्या एकमेकींस पाठ लावून एका आंसावर बसविलेल्या असतात. एक वाटी भरली कीं तिच्या भारानें जोडी कलंडते, पाणी खालीं सांडतें आणि दुसरी वाटी नळीखालीं येते. ही युक्ति क्रिस्टोफर रेन या इंग्रज पंडितानें सतराव्या शतकांत योजिली. आजच्या यंत्रांत त्या जोडीस एक लोहचुंबक लाविलेला असतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर तो एका बारीक कळीवरून जातो आणि क्षणभर विजेचा प्रवाह जुळून एक मोजणी होते. अनेक यंत्रांत एक कलंडणें म्हणजे ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर पाऊस धरतात. ही मोजणी बिनतारी लहरींवरून घरांतल्या पडद्यावर येते. श्रोत्यांच्या घरीं हें भाषण ज्या लहरी पोंचवितात, त्यांच्याच जातीच्या त्या लहरी. मात्र त्यांचें बळ फार थोडें असतें.

यंत्र आणल्याबरोबर गच्चीवर नेऊन ठोकण्याची घाई करूं नये. प्रथम तें मेजावर ठेवावें. माहितीपत्रकांत सांगितलेल्या क्रमानें दोन्ही भागांत सेल घालावेत आणि वाटी हातानें दहा वेळां कलंडवून पडद्यावर तितकीच वाढ होते कीं नाहीं तें पाहावें. लहरी उघड्यावर शंभरेक मीटर जात असल्या, तरी लोखंडी सळयांच्या सिमेंटी भिंती आणि पत्र्यांची छपरें त्यांस अडवितात. यास्तव घरांतला भाग खिडकीजवळ ठेवावा. लोखंडी कपाटाआड ठेवूं नये.

यापुढें सर्वांत महत्त्वाची गोष्ट जागेची. झाड, भिंत किंवा पाण्याची टांकी यंत्राच्या तोंडाहून जितकी उंच असेल, तिच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र असावें. टांकी तोंडापेक्षां दोन मीटर उंच असल्यास चार मीटर दूर, असा हिशेब. सरकारी पर्जन्यमापकाचें तोंड जमिनीपासून सुमारें तीस सेंटिमीटर उंच असतें, कारण जसजसें उंच जावें तसतसा वारा थेंबांस नरसाळ्यावरून उडवून नेतो. शहरांत मोकळें अंगण थोड्यांच्या नशिबीं असतें. बहुतेकांस गच्चीच पाहावी लागते. अशा वेळीं कठड्याच्या अगदीं कडेस, जेथें वारा उसळतो, तेथें यंत्र ठेवूं नये; गच्चीच्या मध्याकडे, घट्ट खांबावर बसवावें. फरशीवरून उडणारे शिंतोडे आंत जाणार नाहींत, इतकी उंची पुरे. गवंड्याची पाणसळ लावून यंत्र चारी बाजूंनीं सपाट करावें. तें तिरपें बसल्यास एक वाटी लवकर आणि दुसरी उशिरां कलंडते.

बसविल्यावर परीक्षा घ्यावी. समजा, नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास सोळा सेंटिमीटर आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २०१ चौरस सेंटिमीटर होतें. म्हणून दहा मिलिमीटर पावसाबद्दल २०१ घन सेंटिमीटर पाणी हवें. तेवढें पाणी औषधाच्या मापानें मोजून घ्यावें आणि देवघरांतल्या अभिषेकपात्रांतून थेंबथेंब, अर्ध्या-पाऊण तासांत, नरसाळ्यांत गळूं द्यावें. पडद्यावर १० च्या आसपास आंकडा आला तर उत्तम. ९.२ आला तर यंत्र शेंकडा आठ कमी दाखवितें, हें वहींत टिपावें आणि यंत्रांत सोय असल्यास दुरुस्ती करावी. परीक्षेचें पाणी त्या दिवसाच्या पावसांतून वजा करण्यास मात्र विसरूं नये.

चांगलें यंत्रही दोन प्रसंगीं कमी पडतें. मुसळधार पावसांत वाटी कलंडत असतां जें पाणी वरून येतच राहतें, त्यांतलें कांहीं मोजलें जात नाहीं. उलट, भुरभुर पावसांत वाटी भरावयाच्या आधींच पाऊस थांबतो, आणि अंगण ओलें असूनही पडदा शून्य दाखवितो. परंतु या दोहोंपेक्षांही मोठा दोष कचऱ्याचा. कबुतरांची घाण, पिंपळाचें पान, उन्हाळ्यांतली धूळ किंवा कोळ्याचें जाळें यांनीं नळी बुजली, तर धों धों पाऊस पडत असतांही पडदा स्वस्थ राहतो. आणि मग पाणी दुसऱ्या दिवशीं कोरड्या उन्हांत हळूहळू झिरपून पाऊस पडल्याचें खोटेंच सांगतें. तारेची कटकट गेली, म्हणून गच्चीचा जिनाही सुटला असें मानणाऱ्याचें यंत्र महिन्याभरांत निरुपयोगी होतें. मृगापूर्वीं एकदां आणि पावसाळाभर दर आठवड्यास नरसाळें उघडून पुसावें, आणि शेजारीं सरळ बाजूंचें एक साधें मापपात्र ठेवून दोन्ही आंकडे मधून मधून ताडून पाहावेत.

वेधशाळेच्या आंकड्याशीं तुलना करतांना वेळेचा घोटाळा होतो. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळीं साडेआठास संपतो; घरगुती यंत्रांचा बहुधा मध्यरात्रीं. रात्रीं दोन वाजतां पडलेली सर यंत्र आजच्या खात्यांत घालतें, आणि तीच सर वेधशाळेच्या, काल साडेआठास सुरू झालेल्या, दिवसांत जाते. म्हणून रोज सकाळीं साडेआठ वाजतां एकूण पावसाचा आंकडा पाहून, कालचा त्यांतून वजा करून, बाकी वहींत लिहावी. हें काम घरांतल्या शाळकरी मुलाकडे सोंपविण्याजोगें आहे. वहींत तारखेशेजारीं नक्षत्राचा एक रकाना असावा. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांविषयीं वडीलधारी मंडळी जें सांगत आलीं, तें आपल्या गच्चीवर कितपत खरें ठरतें, हें मुलास दहा वर्षांच्या वहीवरून स्वतःच ठरवितां येईल.

या वहीचा व्यवहारांतही उपयोग आहे. ऐंशी चौरस मीटरांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे ८०० लिटर पाणी आलें. कांहीं उडालें, कांहीं फरशीनें शोषलें असें धरलें, तरी उरलेलें पाणी टांकींत किंवा विंधनविहिरींत उतरविण्यासारखें आहे. पावसाळ्यांत असे किती दिवस येतात हें वहींत पाहून टांकी केवढी बांधावी तें ठरवितां येतें. अंदाजानें बांधलेली टांकी एक तर कोरडी राहते, नाहीं तर वाहून जाते.

परंतु घरच्या यंत्राच्या भरंवशावर ओढ्याकांठीं निश्चिंत झोंपूं नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पुण्यांत आंबील ओढ्यास पूर येऊन कित्येकांचे प्राण गेले. ओढ्याचें पाणी घरावरच्या ढगांतून नव्हे, तर वरच्या बाजूच्या साऱ्या टेंकड्यांवरून येतें. तेथें काय पडत आहे, तें गच्चीवरच्या नरसाळ्यास कळत नाहीं. सखल भागांतल्या कुटुंबांनीं अधिकृत इशारे ऐकावेत आणि वेळींच उंचावर जावें. उलटपक्षीं, टेंकडीवरच्या वस्तींत एखाद्या घरीं नीट बसविलेलें यंत्र असेल, आणि तासाभरांत विलक्षण पाऊस झाल्याचें तें दाखवील, तर खालच्या आप्तांस त्याच घटकेस दूरध्वनीनें कळवितां येईल. अशा रात्रीं थोडा अगोदर मिळालेला निरोपही फार मोलाचा असतो.

सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्या मधली जागा भरून काढण्याचें काम एका घराचें नव्हे, अनेक घरांचें आहे. मात्र त्यांतला प्रत्येक आंकडा विश्वासास पात्र हवा. आणि तो तसा होतो मोकळी जागा, सपाट बैठक, स्वच्छ नरसाळें आणि रोज साडेआठास उघडलेली वही या चार गोष्टींनीं. येत्या पावसाळ्यापूर्वीं ज्यांस हें यंत्र घ्यावयाचें आहे, त्यांनीं त्याबरोबर दोनशें पानांची एक वहीही अवश्य विकत घ्यावी.