घोरणे आणि जिभेचा व्यायाम
(उधना येथे ट्रस्टच्या महोत्सवप्रसंगी दिलेले भाषण)



घराघरांत ज्याविषयी हसतात पण दवाखान्यात कोणी तोंड उघडीत नाही, असा घोरण्याचा विषय आम्ही आज मुद्दाम निवडला आहे.

कुणी घोरू लागला म्हणजे ‘काय गाढ झोप लागली आहे!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. कुंभकर्णाची उपमा तर ठरलेलीच. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू खाली येतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या वाटेने हवा जाताना होणारा आवाज म्हणजे घोरणे. काहींची वाट पुरतीच बंद होते. मग घोरणे एकाएकी थांबते, छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, कधी अर्धे मिनिट! रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, माणूस धाप टाकून श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काहीएक आठवत नाही. असे तासाला पंधरा ते तीस वेळा झाले तर डॉक्टर त्यास मध्यम आजार म्हणतात, त्यापुढे तीव्र. रक्तदाब व हृदयविकार यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. संगीतकार बप्पी लाहिरी 2022 साली मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव सांगितले होते.

आपल्या उधन्यात हा आजार ओळखणे अधिक कठीण. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनने आलेली आपली माणसे यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतात. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, तेव्हा त्याचा श्वास अडतो हे पाहायला खोलीत कोणी नसते. पुढे मागाच्या खडखडाटातही त्याला डुलकी लागते आणि लोक त्याला कामचोर ठरवितात. चालत्या यंत्राजवळ डुलकी म्हणजे बोटांशी गाठ आहे. म्हणून माताभगिनींना आमची विनंती की, घोरणे मध्येच थांबते काय, हे एकदा घड्याळ घेऊन पाहावे व डॉक्टरांस सांगावे. झोपेच्या तपासणीने निदान होते.

आता व्यायामाकडे वळू. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे 2009 साली मध्यम आजाराच्या 31 रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने रोज सुमारे अर्धा तास जिभेचे, टाळूचे व गालांचे व्यायाम दिले. बाकीच्यांना नुसते दीर्घश्वसन. व्यायाम करणाऱ्यांचा श्वास अडण्याचे प्रमाण तासाला सरासरी 22 वरून 14 च्या आत आले. दुसऱ्या गटास तसा लाभ झाला नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर 2006 साली रुग्णांना डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियाचे लांबलचक फुंकवाद्य शिकवून गुण आला. आपल्या सनईवाल्यांचे घसे कोणी तपासावेत, अशी आमची फार इच्छा आहे!

व्यायाम साधे आहेत. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून टाळूवरून मागे सरकवावे, वीस वेळा. मग सबंध जीभ टाळूला चिकटवून दाबावी, तीही वीस वेळा. नंतर टोक खालच्या दातांना लावून जिभेचा मागचा भाग खाली दाबावा. तोंड उघडून ‘आ’ असा तुटक उच्चार करावा. आरशात पडजीभ वर जाताना दिसली पाहिजे. गालात बोट घालून आतून बाहेर ढकलावे व गालाने त्यास विरोध करावा. जेवताना दोन्ही बाजूंनी चावावे. आपली वर्णमालाच कंठ, तालू, मूर्धा, दंत अशी जीभ फिरवीत चालते, तेव्हा या जागा कोणास नव्याने शिकवाव्या लागू नयेत.

मात्र ज्यांना डॉक्टरांनी सीपॅपचे यंत्र दिले आहे त्यांनी ते बंद करू नये. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी प्रसिद्ध केलेला हा उपाय, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारा, तीव्र आजारात आजही पहिला आहे. व्यायाम त्याच्या जोडीला. वजन उतरविणे, कुशीवर निजणे व रात्री दारू न घेणे हेही हवेच. टॉन्सिल वाढल्यामुळे घोरणाऱ्या मुलांना तर आधी डॉक्टरांकडेच न्यावे.

आता पुढील पाच मिनिटे आपण हे व्यायाम इथेच करून पाहू. समोरच्या रांगेतील मुले आपल्याला जीभ दाखविताना पाहून हसतील; हसू द्यावे. प्रथम टोक वरच्या दातांमागे.