गाडीचा हीटर गार का पडतो?

(बागायतदारांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



पिकांच्या मेळाव्यात गाडीच्या हीटरचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. माझाही विषय पिकांचाच आहे. परंतु निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा काही वेळा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि नेमक्या त्याच वेळी भाजीपाल्याच्या गाड्या बाजाराला निघतात. समोरची काच आतून धूसर होते. चालक एका हाताने फडके फिरवतो, दुसऱ्या हाताने गाडी चालवतो आणि पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते. अशा वेळी हीटर चालू असणे किती गरजेचे आहे ते वेगळे सांगायला नको.

डिझेल पिकअप किंवा ट्रकच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनात तापलेले पाणी, म्हणजे कूलंट, दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या लहानशा रेडिएटरमध्ये फिरते व पंखा त्यावरून हवा आत सोडतो. त्यामुळे हीटर गार पडला, की पुष्कळदा दोष इंजिनाच्या पाण्यात असतो. ज्यांना हीटर लागतच नाही, त्यांनीही हे लक्षात ठेवावे.

प्रथम इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; उकळते पाणी उसळून तोंड भाजते. कूलंट कमी असेल तर ते हीटरपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. गाडी पळताना हवा गरम आणि उभी राहिली की गार, हे कमी कूलंटचे किंवा आत अडकलेल्या हवेचे नेहमीचे लक्षण. पातळी फारच खाली गेली तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापत असूनही काटा खालीच राहू शकतो. म्हणून हीटर अचानक गार झाला तर गाडी बाजूला घ्यावी. नुसते कूलंट भरत राहण्यात अर्थ नाही, ते जाते कुठे हे शोधावे. बाहेर गळती नाही, पण धुराड्यातून सतत पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ झाले आहे, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे. केबिनमध्ये गोडसर वास व काचेवर चिकट थर आला, तर हीटरचा रेडिएटरच गळतो आहे.

पातळी बरोबर आहे, पण अर्धा-पाऊण तास गाडी चालवूनही काटा नेहमीच्या जागी येत नाही, तर थर्मोस्टॅट पाहावा. हा झडपेसारखा भाग कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पुष्कळ इंजिनांत तो ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो. आपल्याकडे गाडी एकदा तापली, की काही मिस्त्री तो काढूनच टाकतात. माझ्या मते हा उपाय चुकीचा आहे. इंजिन थंड राहते, डिझेल नीट जळत नाही, न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि झीज वाढते. थर्मोस्टॅटची परीक्षा घरी होते. स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगावा, थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे. थंड पाण्यातच उघडा दिसला तर बदलावा.

काटा योग्य जागी, तरी हवा गार? मग गाडी चालवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन बंद करावे व हीटरच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावावा. एक गरम व दुसरी कोमट असेल तर हीटरचा रेडिएटर चोंदला आहे. दोन्ही गार असतील तर हीटरचा कॉक बंद आहे किंवा हवा अडकली आहे. दोन्ही गरम असतील तर दोष हवेच्या बाजूला, म्हणजे आतली झडप किंवा तिची केबल. वाराच कमी येत असेल तर पंखा पाहावा, जाळी धुळीने भरली आहे का तेही पाहावे.

रेडिएटर चोंदतो तो बहुधा आपल्याच हाताने. ज्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ठिबकचे ड्रीपर पांढरे होऊन बुजतात, तेच पाणी आपण गाडीत ओततो! ठिबकला आम्ही आम्लप्रक्रिया सुचवतो, पण ते आम्ल गाडीत मुळीच घालू नये. ॲल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंटच वापरावे. घट्ट कूलंट आणले असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे, मिसळावे. तयार मिश्रणात पाणी घालू नये.

जुने कूलंट बांधावर किंवा गोठ्याजवळ ओतू नये. ते चवीला गोड असते, त्यामुळे जनावरे व कुत्री चाटतात. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. बंद डब्यात भरून गॅरेजमध्ये परत द्यावे व डब्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहावे.