पदवीनंतरची दोन वर्षे

औषधशास्त्र शिकणे म्हणजे केमिस्टचे दुकान, एवढेच आपण धरून चालतो. अमेरिकेत फार्म.डी.नंतर इस्पितळात 'रेसिडेन्सी' असते. तिच्यासाठी चढाओढ असते. पहिले वर्ष रुग्णांच्या औषधोपचाराचे. दुसरे, ज्याला औषधखाते चालवायचे आहे त्याच्यासाठी. खरेदी, साठा, अंदाजपत्रक, माणसांच्या पाळ्या, चुकीची गोळी रुग्णापर्यंत जाऊ नये याचा बंदोबस्त, हे सगळं वरिष्ठाच्या हाताखाली शिकायचं. गिरणीत तरी बदली कामगार एकदम जॉबर कुठे होत होता? मानधन मिळतं, पण नोकरीच्या पगाराहून पुष्कळ कमी. आईबाप कचरतात ते इथेच. आपल्या देशातही २००८ पासून फार्म.डी. आहे, सहापैकी शेवटचे वर्ष इस्पितळात काढावे लागते. घरातली पोरगी त्या वर्षात असेल तर 'कमावणार कधी?' म्हणून तिला रोज टोचू नका. तिचा लोकलचा पास काढून द्या.