वाडा विकणें आहे

जुन्या गांवांतून हिंडतांना एखाद्या पडक्या देवडीच्या भिंतीवर कोळशानें लिहिलेले तीन शब्द मधूनमधून दृष्टीस पडतात : ‘वाडा विकणें आहे.’ शेत विकावयास निघालें तर घेणारा जमिनीचा पोत पाहतो, बैल विकावयास निघाला तर दांत पाहतो. वाडा विकावयास निघाला म्हणजे काय पाहतो? तो मान वर करून प्रथम तुळया मोजतो.

हिंगोलीकडील खेड्यांतील मनुष्याला वाडा किंवा गढी म्हणजे काय, हें सांगावयास नको. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, कोपऱ्याला बुरूज, मोठ्या दरवाजांत लहानशी दिंडी, आंत चौक, चौकाभोंवतीं ओसरी, सागवानी खांब आणि वर माळवद. भिंतींत धान्याचें बळद. हें सर्व केवळ राहण्यासाठीं बांधलेलें नव्हे. परगण्याचा सारा येथें गोळा होई, तंटे येथें तुटत, लुटारू आले तर गांवचीं बायकामुलें येथेंच आश्रयास येत. देशमुखाची गढी म्हणजे त्या काळचें एक लहानसें सरकारच होतें.

या सरकाराचें काम आधीं गेलें आणि इमारत मागें राहिली. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनीं १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. वसूल पगारी अधिकाऱ्यांच्या हातीं गेला आणि देशमुख-देशपांड्यांना ‘रुसूम’ म्हणून रोख नेमणूक मिळूं लागली. पुढें सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजीं तेथील जहागिऱ्या रद्द झाल्या. त्या होणें न्यायाचेंच होतें. कुळांच्या घामावर उभ्या असलेल्या ऐश्वर्याबद्दल कोणी आज अश्रु ढाळूं नयेत. परंतु त्यामुळें वाड्यांच्या पोटापाण्याची सोय मात्र संपली. माळवदाला दरसाल मृगापूर्वीं खारी माती लागते. एक वर्ष ती चुकली कीं पाणी तुळईपर्यंत पोंचतें. दोन वर्षें चुकली कीं तुळई कुजते. गडी उरले नाहींत, वारस परभणी, नांदेड, पुणें येथें नोकरीस गेले, आणि एका वाड्याच्या दस्तऐवजावर दहा-पंधरा सह्या लागूं लागल्या. त्या सह्या एका दिवशीं एका ठिकाणीं मिळणें म्हणजे सिंहस्थाचा योग! मग वाडा अखंड विकला जात नाहीं. त्याचे लचके विकले जातात. प्रथम दरवाजा जातो, नंतर कोरीव खांब, नंतर कडीपाट. मुंबईस जोगेश्वरीच्या जुन्या लांकूडसामानाच्या बाजारांत असे खांब भिंतीला टेकून उभे असतात. कोणत्या गांवचे, कोणाच्या ओसरीचे, हें त्यांना कोणी विचारीत नाहीं.

हें दुःख आपल्याकडेच आहे असें नव्हे. स्पेन देशांतील सरदारांच्या हवेल्याही अशाच विकावयास निघतात. त्यांची रचना आपल्या माणसाला परकी वाटूं नये : रस्त्याकडे भक्कम भिंत, देवडीसारखा प्रवेश, आंत चौक, चौकाभोंवतीं खांबांची ओसरी, आणि दरवाजावर दगडांत कोरलेलें घराण्याचें चिन्ह. शेंकडों वर्षें तेथें ‘मायोराथ्गो’ नांवाची वहिवाट होती. तिच्या योगें सरदाराची मिळकत एका वारसाकडे अखंड जाई व ती विकतां येत नसे. १८२० सालीं कायद्यानें हें बंधन तोडलें. तें मध्यंतरीं रद्द होऊन १८३६ सालीं पुन्हा अंमलांत आलें, आणि मग सरदारांच्या मिळकती बाजारांत येऊं लागल्या. आज जो हवेली घेतो त्याला दारावरचें दगडी चिन्ह मिळतें, पदवी मिळत नाहीं. मात्र त्या देशानें १९८५ सालीं एक शहाणपणाचा कायदा केला. राष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झालेली वास्तु विकावयाची असेल तर मालकानें किंमत व अटी सरकारास आधीं कळवावयाच्या. दोन महिन्यांच्या आंत त्याच किंमतीला ती स्वतः घेण्याचा हक्क सरकारला आहे. मालकाचें कांहीं बुडत नाहीं, आणि वास्तु चोरपावलांनीं नाहींशी होत नाहीं.

विक्री म्हणजे नेहमीं नाशच, असेंही समजूं नये. याचें उत्तम उदाहरण पुण्यांत आहे. लोकमान्य टिळक कित्येक वर्षें सदाशिव पेठेंतील विंचूरकर सरदारांच्या वाड्यांत भाड्यानें राहत होते. १८९२ सालीं स्वामी विवेकानंद त्यांचे पाहुणे झाले ते त्याच वाड्यांत, आणि १८९४ सालीं सार्वजनिक गणपति बसला तोही तेथेंच. पुढें १९०५ च्या सुमारास टिळकांनीं नारायण पेठेंतील गायकवाडांचा वाडा श्रीमंत सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला. बडोद्याच्या राजघराण्याची ती पुण्यांतली वास्तु एका वर्तमानपत्राच्या संपादकाच्या हातीं आली. सरदारी थाटाच्या वाड्यांत आतां ‘केसरी’ व ‘मराठा’ यांचा संसार सुरू झाला. जून १९१४ मध्यें मंडालेहून सहा वर्षांची शिक्षा भोगून टिळक परतले ते याच दारांत. २३ जुलै १९१६ रोजीं त्यांची साठी झाली, तेव्हां येथेंच लोकांनीं त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली व ती त्यांनीं देशकार्यास देऊन टाकली. त्याच दिवशीं वीस हजारांचा जामीन कां घेऊं नये, अशी सरकारी नोटीसही त्यांच्या हातीं पडली! गायकवाडांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मालकीनें त्या वाड्याला जें मिळालें नव्हतें, तें या एका विक्रीनें मिळवून दिलें. लोकांनीं त्याचें नांवच बदललें. आज तो केसरी वाडा आहे.

दुसरें उदाहरण काशीचें. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण यांनीं १८१२ च्या सुमारास गंगेच्या घाटावर एक भव्य महाल बांधला. १९१५ सालीं तो दरभंग्याच्या महाराजांनीं विकत घेतला, म्हणून त्या घाटाला दरभंगा घाट म्हणूं लागले. अलीकडे त्या महालांत खानावळीसह मोठें हॉटेल झालें आहे. कोणाला हें रुचणार नाहीं. पण महाल उभा आहे, आणि मराठी कारभाऱ्यानें उभारलेले दगड अजून गंगेवर आपली छाया टाकतात. लांकडाच्या वखारींत जाण्यापेक्षां हें केव्हांही बरें.

आपल्या कायद्यांत मात्र एक चमत्कारिक गोष्ट आहे. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें इमारतीपासून सुटी झालेली शंभर वर्षांची वस्तु ही ‘पुरावस्तु’ ठरते, आणि खासगी मनुष्यास ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. म्हणजे वाड्याचा दरवाजा चौकटींत उभा असेपर्यंत त्याला कोणी विचारीत नाहीं. तो उखडला गेला कीं कायद्याला त्याची ओळख पटते! सरकारनें संरक्षित ठरविलेल्या वास्तूंसंबंधीं मालकाशीं करार करून, विक्रीच्या वेळीं सरकारास आधीं कळवावें, अशी अट घालतां येते. पण खेड्यापाड्यांतील देशमुखांचे वाडे त्या यादींत कोठून असणार?

तेव्हां हें काम गांवानेंच केलें पाहिजे, आणि तें फार खर्चाचें नाहीं. वाडा विकला जाण्यापूर्वीं शाळेंतल्या वरच्या वर्गाच्या मुलांनीं टेप घेऊन त्याचा नकाशा काढावा, चौक किती हात, खांब किती, कोणत्या खांबावर काय कोरलें आहे, बळद कोठें, विहीर कोठें, हें टिपून ठेवावें, छायाचित्रें घ्यावींत, घरच्या वृद्ध बाईला विचारून प्रत्येक खोलीचें नांव लिहून घ्यावें. सह्या करणाऱ्या वारसांनीं तुळया सुट्या विकण्यापूर्वीं निदान एक वर्ष अखंड वाड्याला गिऱ्हाईक शोधावें. ग्रंथालय, दवाखाना, पतपेढी, मुलींचें वसतिगृह, यांपैकीं कोणाला तरी तो चौक उपयोगीं पडेल. आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत, मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं, माळवदावर दोन गाड्या खारी माती तेवढी टाकावी.